कोण आलं, कोण गेलं

अलेक्झांडर आयझॅक या स्ट्रायकरसाठी आमच्या लिव्हरपूलने, इंग्लंडच्या फुटबॉल क्लबने, साडेबारा कोटी पौंड मोजले, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पैसे बॉस्टनच्या मालकांचे, डोकेदुखीही त्यांचीच. मला राग आला तो डाव्या विंगवरच्या लुइस दियासला विकलं त्याचा. २०२५ संपत आलं तरी तो राग गेलेला नाही. जर्मनीच्या बायर्नच्या लाल शर्टात तो गोल करतो आणि मी जेवणानंतरची आवराआवर सोडून हायलाइट्स बघत चरफडते. घरच्यांना हा प्रेमभंगाचा प्रकार वाटतो. वाटू दे.

२०२५च्या त्या खरेदी-विक्रीच्या उन्हाळ्याबद्दल सगळ्यांनी भरभरून लिहिलं. उन्हाळा अर्थात त्यांचा. आपल्याकडे मृगापासून गौरी-गणपतीपर्यंतचा सगळा पावसाळा त्यात गेला. मेच्या शेवटी लेव्हरकुसेनचा फ्रिम्पाँग आला, २ कोटी ९५ लाख पौंडांच्या रिलीज क्लॉजवर, म्हणजे करारातच लिहिलेल्या सुटकेच्या किमतीवर. जूनमध्ये त्याच क्लबचा फ्लोरियान विर्ट्झ, १० कोटी आणि वर अटींवर अवलंबून असलेले १ कोटी ६० लाख. पाठोपाठ बोर्नमथचा केर्केझ, ४ कोटी. जुलैत फ्रँकफर्टचा एकिटिके, ६ कोटी ९० लाख, वर पुन्हा अटींचे १ कोटी. ऑगस्टमध्ये पार्माचा कोवळा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, लेओनी, २ कोटी ६० लाख. आणि १ सप्टेंबरला, खरेदी-विक्रीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, न्यूकॅसलचा आयझॅक: ब्रिटिश फुटबॉलमधली तोवरची सर्वांत महाग खरेदी, रुपयांत १,४०० कोटींच्या वर. वालेन्सियाचा गोलकीपर मामार्दाश्विली याचा सौदा आदल्या वर्षीच होऊन बसला होता. सगळी बेरीज ४० कोटी पौंडांच्या पुढे जाते. एका ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खरेदी-विक्रीच्या एका मुदतीत, इतका खर्च त्याआधी कुठल्या इंग्लिश क्लबने केला नव्हता.

हा खर्च केला कुणी, तर चार सामने शिल्लक असताना लीग जिंकून बसलेल्या संघाने. २७ एप्रिलला टॉटेनहॅमला ५-१ हरवून विसावं विजेतेपद घेतलं, मँचेस्टर युनायटेडची बरोबरी केली. आणि ते विजेतेपद ज्या हंगामाचं, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, २०२४ साली, आम्ही जवळपास काहीच घेतलं नव्हतं. प्रशिक्षक क्लॉप गेले होते, त्यांच्या जागी आर्ने स्लॉट नवे होते, मिडफिल्डमध्ये सहा नंबरच्या, म्हणजे बचावफळीच्या लगेच पुढच्या, जागेसाठी ज्या सुबिमेंदीवर सगळी भिस्त होती तो ऐनवेळी ‘मी इथेच बरा’ म्हणून रेआल सोसिएदादमध्ये राहिला. हाती लागला एकटा कियेसा, १ कोटी पौंडांत, आणि तोही बहुतेक वेळ बाकावर. तेव्हा काय बोंबाबोंब झाली होती! मालक कंजूष, डायरेक्टर झोपलेला, स्लॉट बिचारा. स्लॉटने काय केलं, तर ग्रावेनबर्कला मागे ओढून सहा नंबरवर उभं केलं आणि कामाला लागला.

या दोन उन्हाळ्यांकडे एकत्र बघितलं की लोक म्हणतात, पैशाने लीग जिंकता येत नाही. हे काही खरं नाही. पैशाने लीग जिंकता येते, मँचेस्टर सिटीला विचारा. माझं म्हणणं वेगळं आहे. २०२४च्या उन्हाळ्यात आम्ही जवळपास कुणाला घेतलं नाही, तसं कामाचं कुणी सोडलंही नाही. २०२५मध्ये सहा आले, पण गेले किती ते बघा. मी ट्रान्सफरची यादी खालून वर वाचते. वर्तमानपत्रात, ॲपवर, सगळीकडे आधी ‘इन’ असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘आउट’. हंगामात पुढे काय वाढून ठेवलंय ते त्या बारीक अक्षरात असतं.

तर गेले कोण? ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड रेआल माद्रिदला. लुइस दियास बायर्नला, साधारण साडेसहा कोटी पौंडांना. डार्विन नुन्येझ सौदीत अल-हिलालला. क्वान्सा लेव्हरकुसेनला, केलेहर ब्रेंटफर्डला, बेन डोक बोर्नमथला, टायलर मॉर्टन ल्यॉनला. हार्वी एलियट उसनवारीवर ॲस्टन व्हिलाला. विक्रीतून जवळपास २० कोटी पौंड आले. आणि दियोगो जोटा. त्याचं नाव या यादीत टाकवत नाही, पण तोही आता नव्हता.

दियासपासून सुरुवात करते, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं गेलं. कोलंबियाच्या ला ग्वाहिरा भागातल्या बारांकास गावचा हा पोरगा. २०२३च्या ऑक्टोबरात तिथल्या बंडखोरांनी त्याच्या आईवडिलांना पळवलं. आई त्याच दिवशी सुटली, वडील बारा दिवसांनी. त्या मधल्या दिवसांत ल्यूटनविरुद्ध तो बाकावरून उठून आला, अगदी शेवटी बरोबरीचा गोल केला आणि शर्ट वर करून आत लिहिलेली ओळ दाखवली: बाबांना सोडा. त्या गोलसाठी कुणी त्याला लक्षात ठेवत असेल तर बरंच आहे, पण मी त्याला लक्षात ठेवलंय ते त्याच्या धावण्यासाठी. प्रतिस्पर्ध्याच्या डिफेंडरकडे चेंडू गेला की तो सुटायचा. चेंडू मिळणार नाही हे त्यालाही ठाऊक असायचं. तरी सुटायचा, कारण त्याच्या त्या धावण्यामुळे डिफेंडर घाईत मारायचा आणि तो चेंडू मागे आमच्या मिडफिल्डला मिळायचा. लीग जिंकली त्या हंगामात त्याचे लीगमधले १३ गोल होते. नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, नसताना स्लॉटने त्याला मधोमध खेळवलं, तर लेव्हरकुसेनविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. पण विकताना टेबलावर जी आकडेवारी आली असेल तिच्यात वय २८, कराराची दोन वर्षं शिल्लक, पगारवाढीची मागणी, आणि समोर बायर्नचा चेक. त्या टेबलावर बसलेल्या कुणालाही ‘विका’ असंच वाटलं असतं. घरात काही माणसं असतात, ती आहेत तोवर नळाचं पाणी आपोआप भरलेलं असतं. ती चार दिवस गावाला गेली की रिकामा हंडा दिसतो.

ऑक्टोबरात आम्हाला रिकामा हंडा दिसला.

उजव्या विंगवरच्या मोहम्मद सालाहचं काय झालं असं आता सगळे विचारतात. २०२४-२५मध्ये लीगमध्ये २९ गोल आणि १८ असिस्ट (दुसऱ्याला गोल करून देणारे पास) करणारा माणूस एका उन्हाळ्यात म्हातारा कसा झाला? वय झालंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही; २०२५मध्ये तेहतिशीचा झाला. पण जरा बारकाईने बघा. त्या हंगामात सालाहला बचाव करावा लागत नव्हता. स्लॉटने त्याला ती सूट दिली होती. ती सूट परवडत होती, कारण डावीकडून दियास दोघांचं धावत होता आणि मधे मिडफिल्डर सोबोस्लाई तिघांचं. आणि मागे, उजव्या फुल-बॅकच्या जागेवर, ट्रेंट होता. चेंडू पायात आला की मान वर न करताही सालाह कुठे असेल ते त्याला कळायचं, आणि चाळीस-पन्नास यार्डांचा पास सालाहच्या पुढच्या पावलावर पडायचा. त्या उन्हाळ्यात ट्रेंट गेला, दियास गेला, आणि नंतर लोक सालाहकडे बघून म्हणाले की याला झालंय काय.

डिसेंबरात लीड्सविरुद्ध ३-३ झालं, सालाह तेव्हा सलग तिसऱ्यांदा सुरुवातीच्या अकरात नव्हता. बाहेर येऊन पत्रकारांसमोर त्याने क्लबने आपल्याला बळीचा बकरा केल्याच्या थाटात सगळं बोलून टाकलं. पुढच्या इंटरविरुद्धच्या सामन्याला क्लबने त्याला नेलंच नाही. मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आला. घरातलं भांडण गॅलरीत येऊन करू नये हे त्याला कळायला हवं होतं. आणि एवढी मोठी खरेदी करताना ज्या माणसाला नुकताच दोन वर्षांचा नवा करार दिला, त्याच्या खेळाला कोण पुरवठा करणार, हा प्रश्न क्लबने कुणाला तरी विचारायला हवा होता.

ट्रेंटचं जाणं वेगळं. वयाच्या सहाव्या वर्षापासून क्लबमध्ये असलेला, त्याच शहराचा मुलगा करार संपवून जातो, आणि क्लब वर्ल्ड कप खेळता यावा म्हणून माद्रिद त्याला महिनाभर आधी सोडवायला १ कोटी युरो देतं. ज्याची किंमत बाजारात याच्या कितीतरी पट, त्याचे एवढेच आले. लोक चिडले. मे महिन्यात आर्सेनलविरुद्ध तो मैदानात उतरला तेव्हा ॲनफिल्डच्या आपल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. नोव्हेंबरात माद्रिदकडून आला तेव्हा तर उडवलीच उडवली. बार्सेलोनाविरुद्ध त्या ४-० च्या रात्री ज्याने झटकन कॉर्नर मारून चौथा गोल करवला, तो हाच ना? पण हे मी लिव्हरपूलच्या लोकांना सांगायला जाणार नाही. मी कोल्हापूरची आहे. एका तालमीच्या फुटबॉल संघातून दुसऱ्या तालमीत जाणाऱ्याचं आमच्याकडे काय होतं ते मला ठाऊक आहे.

हंगाम सुरू होण्याआधी केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंची नोंदणी होते, आणि त्या दिवसांत कोल्हापुरात जे चालतं ते बघितलेल्या माणसाला तिकडच्या डेडलाइन डेचं, मुदतीच्या शेवटच्या दिवसाचं, कौतुक वाटत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस. कोण कुठे चाललाय, कुणाला कुणी बोलावलंय, कोण रात्री कुणाच्या घरी जेवायला होता, याच्या बातम्या चहाच्या गाड्यावर मिळतात आणि बहुतेक खऱ्या निघतात. आता परदेशी खेळाडूही येतात. मोसमात शाहू स्टेडियमवर त्या बदललेल्या खेळाडूच्या पायाला चेंडू लागला की जुन्या तालमीचं पब्लिक उठतं आणि पुढचं मी इथे लिहू शकत नाही. माझे वडील आम्हाला मॅचला न्यायचे, पण असल्या मॅचला भावाला नेत आणि मला घरी ठेवत. ‘आज ईर्षेची आहे’ एवढंच म्हणायचे. मला ती ईर्षा समजते. पेठेतल्या पोराने पेठ सोडली की दुखतं, आणि दुखल्यावर माणूस ओरडतो.

समजत नाही ते पुढचं. मेमध्ये ट्रेंटला ‘गद्दार’ म्हणणारे ऑगस्टमध्ये काय करत होते? आयझॅकची वाट बघत होते. आणि आयझॅकने त्या महिन्यात काय केलं? न्यूकॅसलबरोबर सरावाला गेला नाही, दौऱ्यावर गेला नाही, आपल्या जुन्या क्लबच्या मैदानावर स्पेनमध्ये एकटा पळत राहिला. हंगाम सुरू झाला तरी खेळला नाही. वर सोशल मीडियावर निवेदन काढलं की वचनं मोडली गेली, विश्वास संपला. त्याच माणसाने मार्चमध्ये वेम्बलीवर, लीग कपच्या अंतिम सामन्यात, न्यूकॅसलचा दुसरा गोल केला होता. देशातला मोठा कप त्या शहराला ७० वर्षांनी मिळाला होता, आणि समोर आम्हीच हरलो होतो. करार पुरा करून, निरोप घेऊन जाणारा आपला पोरगा गद्दार, आणि करार चालू असताना संप करून येणारा दुसऱ्याचा पोरगा महत्त्वाकांक्षी. बरं.

न्यूकॅसलच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्या महिन्यात काय वाटलं असेल याचा मी बराच विचार केला. २५ ऑगस्टला आम्ही त्यांच्याच मैदानावर खेळायला गेलो. आयझॅक नव्हता. दहा जणांनिशी त्यांनी २-० वरून बरोबरी केली, आणि मग दिलेल्या जादा वेळेतही शेवटाला, रिओ न्गुमोहा नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने आमच्यासाठी तिसरा मारला. मी उडी मारली. अर्थात मारली. त्यानंतर मात्र त्या मुलाकडे बघून वाटलं, हा इथे आहे, तर मग दियासच्या जागी कुणाला घेतलं नाही ते यासाठी का? सोळा वर्षांच्या मुलावर एवढं ओझं?

जोटाबद्दल लिहायचं टाळत होते. ३ जुलैला स्पेनमधल्या सामोराजवळ गाडीच्या अपघातात तो आणि त्याचा भाऊ आंद्रे गेले. लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता. वय २८. शेवटचा गोल एप्रिलमधला, एव्हर्टनविरुद्ध, त्याच्या नेहमीच्या पद्धतीचा: तीन जणांच्या मधून वाट काढून, फार सुंदर न दिसता, बरोबर जाळ्यात. क्लबने २० नंबर कायमचा बंद केला, पुरुष, महिला, अकादमी, सगळीकडे. त्या महिन्यात क्लबने कुणाला घ्यावं, कुणाला विकावं यावर मत देणं मला जड गेलं, आणि जे लोक त्याच आठवड्यात ‘आता एक फॉरवर्ड जास्त लागेल’ असा हिशोब मांडत होते त्यांना मी आमच्या ग्रुपमधून सरळ म्यूट केलं. पण हिशोब टळत नाही. जो संघ सराव करत होता, त्यातले निम्मे लोक नवे होते आणि उरलेले निम्मे एका मित्राला पुरून आले होते. नव्याजुन्यांचं जमायला वेळ लागतो असं आपण म्हणतो, त्या वेळातले किती महिने यात गेले हे कुणी सांगू शकणार नाही. स्लॉट किंवा संघ, कुणावरही बोलताना मी हे मनात ठेवते. पण सेंटर-बॅक न घेण्याचं खापर दुःखावर फोडता येत नाही.

आता सेंटर-बॅककडे येते.

क्रिस्टल पॅलेसचा तेव्हाचा कप्तान मार्क गेही. वय २५, इंग्लंडचा खेळाडू, करार २०२६च्या उन्हाळ्यात संपणारा. किंमत साडेतीन कोटी पौंड ठरलेली. आमच्याकडे व्हॅन डाइक ३४ वर्षांचा, कोनाते त्याच्या करारातल्या शेवटच्या वर्षात आणि डळमळीत, गोमेझ सतत दुखापतीतून उठणारा, क्वान्सा आम्हीच विकलेला, लेओनी अजून मुलगा. म्हणजे ही खरेदी हौसेची नव्हती. पण अख्खा ऑगस्ट आयझॅकच्या मागे गेला, आणि गेही ठेवला शेवटच्या दिवसावर.

तो शेवटचा दिवस त्या वर्षी गौरीपूजनाचा होता. इंग्लंडमधली वेळ संध्याकाळी सात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. सकाळपासून पुरणपोळ्या, शंकरोबा, हळदीकुंकू, आणि रात्री जागर. खाली झिम्मा-फुगडी रंगात आलेली, आणि मी फोन घेऊन जिन्यात. जाऊबाई दोनदा डोकावून गेल्या. ‘कोण ॲडमिट आहे का गं?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘मेडिकल चालू आहे एकाचं.’ खोटं नव्हतंच ते. गेहीची मेडिकल तपासणी झालीही होती. पण पॅलेसला त्याच्या जागी जो डिफेंडर हवा होता तो मिळाला नाही, आणि त्यांनी पाय मागे घेतला. वेळ संपली. आयझॅक आला, गेही राहिला. माझा मावसभाऊ युनायटेडचा. त्याचा लगेच मेसेज: ‘दारात हत्ती आणला की गं तुम्ही. घराला कडी कुठाय?’

पॅलेसला मी दोष देत नाही. शेवटच्या दिवशी कुणाचा कप्तान मागायला जायचं आणि तो मिळेल असं गृहीत धरायचं, हा माज झाला. आणि पुढे जे झालं ते इतकं चपखल होतं की कुणी कथेत लिहिलं असतं तर मी पान उलटलं असतं. हंगामाचे पहिले पाचही लीग सामने आम्ही जिंकलो, बरेचसे शेवटच्या मिनिटांत, छातीत धडकी भरवून. २३ सप्टेंबरला साउथहॅम्प्टनविरुद्ध लीग कपमध्ये लेओनीचं पदार्पण झालं आणि त्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. हंगाम संपला त्याचा. चारच दिवसांनी सेल्हर्स्ट पार्कवर पॅलेसशी गाठ. एक गोल कॉर्नरवरून खाल्ला, दुसरा ९७व्या मिनिटाला, लांब थ्रो-इनवरून. गेही त्यांच्याकडून खेळत होता.

तिथून गाडी घसरली ती घसरलीच. गलातासराय, चेल्सी, मग ॲनफिल्डवर युनायटेड. युनायटेड तिथे २०१६नंतर पहिल्यांदा जिंकलं, मग्वायरच्या डोक्यावरून. (मावसभावाचा फोन मी दोन दिवस उचलला नाही.) ब्रेंटफर्ड, तिथे पुन्हा लांब थ्रो-इन. लीग कपमध्ये पुन्हा पॅलेस, ३-०. मधे माद्रिदला हरवून जरा उभारी आली, तर सिटीकडून ३-०, फॉरेस्टकडून घरी ३-०, पीएसव्हीकडून घरी ४-१. बारा सामन्यांत नऊ पराभव. हवेतून आलेला प्रत्येक चेंडू आमच्या बॉक्समध्ये पडत होता आणि तो बाहेर काढायला माणसं तीच तीन होती. ज्यांना विकत घेतलं त्यांची किंमत ऐकून डोळे फिरतात, आणि हरत होतो आम्ही कुठे, तर कॉर्नरवर आणि थ्रो-इनवर.

विर्ट्झवर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. मी घेणार नाही. लेव्हरकुसेनने एकही सामना न हरता लीग आणि कप घेतला त्या हंगामाचा तो कणा होता. त्याला पायात चेंडू आणि आजूबाजूला हलणारी माणसं लागतात. इथे त्याला कधी स्ट्रायकरच्या मागे दहा नंबरवर, कधी डावीकडे उभं केलं. त्याच्यासाठी जागा करायला मिडफिल्डची ती तिकडी मोडली, जिने लीग जिंकून दिली होती: ग्रावेनबर्क, मॅक ॲलिस्टर, सोबोस्लाई. त्यातच उजव्या फुल-बॅकची जागा. फ्रिम्पाँग हा मुळात पुढे पळणारा विंग-बॅक, त्यात हॅमस्ट्रिंगने बेजार, ब्रॅडलीही आतबाहेर. मग त्या जागी सोबोस्लाई. म्हणजे ट्रेंटच्या जागी आम्ही कुणाला घेतलं या प्रश्नाचं खरं उत्तर, आमचा सगळ्यात चांगला मिडफिल्डर. त्यानेही तिथून आर्सेनलविरुद्ध तो फ्री-किक मारला म्हणून झाकलं गेलं. विर्ट्झचा लीगमधला पहिला गोल २७ डिसेंबरला आला, वुल्व्जविरुद्ध. आणि आयझॅक, महिनाभर सराव न केलेला, मग दुखापतीत, मग लीगमधला पहिला गोल नोव्हेंबरच्या ३० तारखेला, मग टॉटेनहॅमविरुद्ध गोल मारता मारता पायावर टॅकल आला आणि हाड मोडलं. त्याचा राग राग करायचं मी ठरवलं होतं, तेही धड करू दिलं नाही पठ्ठ्याने. खरेदीत एकिटिके तेवढा पहिल्या दिवसापासून खेळला. त्याच्यासाठी मी या डायरेक्टर मंडळींना शंभरपैकी शंभर देते, आणि बाकीच्या पेपरात कापते.

पैशांचं थोडं बोलू, कारण हल्ली प्रत्येक फुटबॉलवेडा अर्धा सीए झालाय. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला की वहीत दरसाल दोन कोटी खर्च पडतो. अकादमीत वाढलेला खेळाडू विकला की मात्र त्याची सगळी किंमत त्याच वर्षी नफ्यात दिसते, कारण त्याला विकत घ्यायला काही लागलेलंच नसतं. प्रीमियर लीगची २०२५-२६च्या हंगामापर्यंतची मर्यादा अशी होती की तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता. म्हणून सगळ्या क्लबांना आपली घरची पोरं विकायचा मोह व्हायचा. क्वान्सा, मॉर्टन यांच्या जाण्यामागे हे गणित आहे. नियम ज्यांनी केला त्यांना क्लब उधळे होऊ नयेत असं वाटत होतं. झालं असं की क्लब उधळे राहिले आणि घरची पोरं बाहेर गेली.

याच क्लबने हे काम चोख केलेलं मी बघितलंय, म्हणून जास्त लागतं. जानेवारी २०१८मध्ये कुटिन्यो बार्सेलोनाला गेला, १४ कोटींच्या आसपासच्या सौद्यात. तेव्हाही आकाश कोसळल्यासारखं झालं होतं. पण त्याच महिन्यात साडेसात कोटींना व्हॅन डाइक आला आणि उन्हाळ्यात ॲलिसन. एक शोभेची जागा रिकामी केली आणि दोन पोकळ्या भरल्या. दीड वर्षात चॅम्पियन्स लीग. २०१४ याच्या अगदी उलट. सुआरेझ विकला, आणि त्या पैशांत लाल्लाना, लोव्हरेन, मार्कोविच, बालोटेली, लॅम्बर्ट, मोरेनो अशी अख्खी बस भरून आणली. आदल्या वर्षी दुसरे होतो, त्या वर्षी सहावे. सुआरेझ गोल करायचा हे सगळ्यांना दिसत होतं. तो चेंडू हिसकावून घ्यायला कुत्र्यासारखा मागे लागायचा, हे विकत घेताना कुणी शोधलंच नाही.

२०२५ मला २०१४च्या जवळचं वाटतं. तेव्हाची माणसं मात्र साधारण होती आणि आताची खरोखर गुणी आहेत, म्हणून मी आशा सोडलेली नाही. २०२५ संपताना विर्ट्झ बावीसचा, एकिटिके तेवीसचा, केर्केझ बावीसचा. दोन वर्षांनी हीच यादी लोक थोर म्हणून सांगतील, अशीही शक्यता आहे. तेव्हा मी हेच म्हणेन की बरोबर, पण दियास विकायला नको होता आणि गेही जुलैतच घ्यायला हवा होता.

मावसभाऊ परवा घरी आला होता. २०२६च्या जानेवारीत, विंडो पुन्हा उघडली की, तुम्ही काय करणार म्हणाला. मी म्हटलं, कोनातेच्या करारावर सही करून घ्या, नाहीतर तो उन्हाळ्यात फुकट जाईल; एक सेंटर-बॅक आणा, नाव काहीही असो; रॉबर्टसनला एक वर्ष वाढवून द्या, तो ड्रेसिंग रूममध्ये हवा. ‘आणि स्ट्रायकर?’ तो म्हणाला. आहेत की. ‘विंगर?’ मी गप्प बसले. तो हसला आणि म्हणाला, ‘एवढं अडलंय तर आमच्या युनायटेडचा ब्रुनो फर्नांडिस न्या की.’ मी म्हटलं, पेढे घेऊन आलास म्हणून ऐकून घेते. सोबोस्लाई तेवढा विकायचा नाही, बाकी बोल. त्यावर तासभर वाद झाला, कारण त्याचं म्हणणं, माद्रिदने १० कोटी देऊ केले तर द्यायचा.